विजेकडे वळणारं जग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊर्जेच्या विषयावर बोलायला गावोगावी जातो, तेव्हा कार्यक्रम संपल्यावर चहाच्या वेळी तेच तेच प्रश्न पुन्हा भेटतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं स्वतःचं मत आधीच सांगून टाकतो. प्रत्येक देश विजेकडे वळला तो आपापल्या नडीपोटी. कुणाला तेलाचं बिल झेपेना, कुणाच्या शहरात श्वास घेता येईना, कुणाकडे धरणाची वीज उतू जात होती. वाटा वेगवेगळ्या असल्या, तरी अडतात सगळे एकाच जागी : तारेपाशी.

विद्युतीकरण म्हणजे नेमकं काय? लाईट तर घरोघरी कधीच आली.

गावात लाईट येणं हा त्या शब्दाचा जुना अर्थ. आता तो पुढे सरकला आहे. पेट्रोल, डिझेल, गॅस, कोळसा किंवा लाकूड जाळून आपण जी कामं करतो, ती विजेवर करायची, असा आजचा अर्थ. म्हणजे गाडी, बस, शेतातला पंप, स्वयंपाक, थंड देशांत घर ऊबदार ठेवणं, कारखान्यातली भट्टी.

जगात लोक प्रत्यक्ष वापरतात त्या एकूण ऊर्जेत विजेचा वाटा अजून पाचव्या हिश्श्याच्या आसपासच आहे. बाकीचं बहुतेक सगळं कुठे ना कुठे जळत असतं. उद्या सकाळी जगातली सगळी वीज सौर आणि पवनऊर्जेची झाली, तरी हा मोठा हिस्सा तसाच जळत राहील. त्यामुळे कामं दोन आहेत : वीज स्वच्छ करायची आणि जळणाची कामं विजेवर आणायची. पहिल्याची चर्चा खूप होते, दुसऱ्याची कमी.

आपली वीज कोळशाचीच आहे. मग विजेची गाडी घेऊन काय साधलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि रास्त आहे. कागदावर मांडून बघू.

एक लिटर पेट्रोल जळालं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर किलोमीटरमागे ५० ग्रॅम सोडते. भारतात एक युनिट वीज बनताना सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. विजेची स्कूटर एका युनिटमध्ये ३०-३५ किलोमीटर जाते. तारेतली आणि चार्जिंगमधली गळती धरली, तरी किलोमीटरमागे २५ ग्रॅमच्या जवळ उत्तर येतं. म्हणजे आजच्या कोळशाच्या विजेवरसुद्धा निम्मं.

मोटारीचं गणित इतकं देखणं नाही. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी दीडशे ग्रॅम सोडते आणि तेवढीच विजेची गाडी सव्वाशेच्या आसपास. शिवाय बॅटरी बनवतानाचा धूर वेगळा. एकट्या माणसाने मोठी विजेची गाडी फिरवली म्हणजे फार मोठी मजल मारली असं मी म्हणणार नाही. बस, रिक्षा आणि दुचाकी यांत खरा फायदा आहे.

मूळ कारण इंजिनात आहे. दूरवर गाडी चालवून आल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा, चटका बसतो. पेट्रोलच्या शंभर रुपयांतले सत्तर-पंचाहत्तर रुपये असे उष्णता होऊन जातात. विजेच्या मोटरमध्ये शंभरातले ऐंशीच्या वर चाकापर्यंत पोचतात. दुसरी गोष्ट काळाची. आज घेतलेली विजेची गाडी दहा-बारा वर्षं चालेल आणि तेवढ्या काळात ग्रिडमध्ये, म्हणजे विजेच्या तारांच्या जाळ्यात, सौर वीज वाढत जाईल, म्हणजे तीच गाडी दरवर्षी थोडी स्वच्छ होत जाईल. पेट्रोलच्या गाडीच्या नशिबी हे नाही.

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात. त्यांना कसं जमलं?

चिकाटीने, आणि तीस-पस्तीस वर्षं घेऊन. २०२४ साली नॉर्वेत विकल्या गेलेल्या शंभर नव्या गाड्यांतल्या जवळपास ८९ निव्वळ विजेवरच्या होत्या. हा आकडा ऐकला की वाटतं श्रीमंत देश, पैसा ओतला असेल. पण सुरुवात बघा. १९८९ मध्ये बेलोना या पर्यावरण संघटनेचे फ्रेडरिक हाउगे आणि ‘आहा’ या बँडचा गायक मॉर्टन हार्केट यांनी विजेवर चालणारी केलेली एक छोटी फियाट पांडा देशात आणली. ती घेऊन ते टोलनाक्यांवरून टोल न भरता जात राहिले. दंड भरला नाही म्हणून गाडी जप्त होऊन लिलावात निघाली. गाजावाजा झाला आणि सरकार हलायला लागलं.

१९९० मध्ये आयातीवरचा कर गेला, पुढे टोल माफ झाला. २००१ मध्ये मूल्यवर्धित कर शून्य झाला आणि २००५ मध्ये बसच्या राखीव मार्गिकेतून जायची मुभा मिळाली. कामावर जाताना शेजारची रांग ठप्प आहे आणि आपण बसच्या वाटेने पुढे निघालोय, हे लोकांना करसवलतीइतकंच पटलं. पेट्रोलच्या गाड्यांवर तिथे आधीपासूनच जबर कर होता. त्यामुळे विजेची गाडी स्वस्त करायला वेगळं अनुदान वाटावं लागलं नाही, कर उचलला की भागलं. भारतासारख्या देशाने उचलण्याजोगी गोष्ट ही आहे.

नॉर्वेची जवळपास सगळी वीज धबधब्यांची, त्यामुळे ‘वीज कोळशाची’ हा आक्षेप तिथे लागूच होत नाही. तेल आणि वायू मात्र तो देश आजही परदेशांना विकतो आणि त्याची श्रीमंती त्यातूनच आली आहे. हे सांगितल्याशिवाय नॉर्वेचं कौतुक अर्धवट राहतं.

मला स्वतःला त्यांच्या गाड्यांपेक्षा एक फेरीबोट जास्त आवडते. सोन्येफ्योर्ड या खाडीवर लाविक आणि ओप्पेडाल या गावांमध्ये २०१५ मध्ये ‘अँपिअर’ नावाची बॅटरीवरची फेरी सुरू झाली, मोटारी वाहून नेणारी ही जगातली पहिली. धक्क्यावर ती फक्त दहा मिनिटं थांबणार आणि तेवढ्यात चार्ज व्हायला हवी होती. गावं चिमुकली, तिथल्या तारांना एवढा झटका सोसला नसता. म्हणून दोन्ही धक्क्यांवर मोठ्या बॅटऱ्या बसवल्या. फेरी पाण्यात असताना त्या तारेतून हळूहळू वीज घ्यायच्या आणि फेरी लागली की एकदम ओतायच्या. विहिरीला पाणी कमी असलं की आपण आधी हौद भरून घेतो, तशीच ही युक्ती.

चीन एवढा पुढे कसा गेला? आणि कोळसाही तेच सर्वाधिक जाळतात ना?

दोन्ही खरं आहे. चीनच्या विजेतली निम्म्याहून जास्त वीज आजही कोळशाची आहे. त्याच वेळी २०२४ या एका वर्षात त्यांनी सुमारे २७७ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) सौर क्षमता उभी केली. भारताची त्या वर्षाअखेरीपर्यंतची सगळी मिळून सौर क्षमता शंभर गिगावॅटच्या आत होती.

चीनची नड तिहेरी होती : आयात तेल, शहरांतला धूर आणि पेट्रोल इंजिनाच्या कारखानदारीत जर्मनी-जपानला गाठणं अवघड. वान गांग हे आधी आउडी कंपनीत काम केलेले अभियंते २००७ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञान मंत्री झाले. जुन्या शर्यतीत मागून धावण्यापेक्षा नवीच शर्यत सुरू करावी, हा विचार त्यांनी रेटला. २००९ पासून निवडक शहरांत बस आणि टॅक्सी विजेवर आणायचे प्रयोग झाले. शेनझेन शहराच्या १६ हजारांहून जास्त बस २०१७ अखेर सगळ्याच्या सगळ्या विजेच्या झाल्या. शांघायमध्ये पेट्रोल गाडीची नंबरप्लेट लिलावात पैसे मोजून घ्यावी लागे, विजेच्या गाडीला हिरवी प्लेट मोफत. २०२४ च्या उन्हाळ्यापासून बहुतेक महिन्यांत तिथल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मोटारींत बॅटरीवरच्या आणि प्लग-इन हायब्रिड (तारेने चार्ज होणाऱ्या, पण पेट्रोल इंजिनही असलेल्या) मिळून निम्म्याहून जास्त आहेत.

तारेचा प्रश्नही त्यांनी अंगावर घेतला. ऊन-वारा पश्चिमेच्या वाळवंटात, कारखाने पूर्वेच्या किनाऱ्यावर. म्हणून शिनजियांगमधल्या चांगजीहून आन्हुई प्रांतातल्या गुचुआनपर्यंत ११०० किलोव्होल्टची, सुमारे ३,३०० किलोमीटरची एक लाईन टाकली. काश्मीर ते कन्याकुमारी अंतराशी तुलना करून बघा.

गरीब देशांना हे परवडतं का?

काही देशांना न करणंच परवडत नाही. नेपाळ घ्या. २०१५ च्या भूकंपानंतर काही महिन्यांतच भारताच्या सीमेवर मालाची कोंडी झाली आणि पेट्रोल-गॅससाठी काठमांडूत रांगा लागल्या. त्याआधीची कित्येक वर्षं हिवाळ्यात दिवसाला सोळा-अठरा तास लोडशेडिंग. २०१६ मध्ये कुलमान घिसिंग वीज प्राधिकरणाचे प्रमुख झाले, वाटपातला गोंधळ आवरला आणि लोडशेडिंग संपत आलं. नवे जलविद्युत प्रकल्प आले, त्यांतला अप्पर तामाकोशी एकटाच ४५६ मेगावॅटचा. पावसाळ्यात वीज उरायला लागली. तेल मात्र सगळं बाहेरून, परकीय चलन मोजून. मग पेट्रोल गाड्यांवर प्रचंड कर आणि विजेच्या गाड्यांवर बराच कमी, असं धोरण ठेवलं. २०२३-२४ च्या सुमारास आयात होणाऱ्या चारचाकी प्रवासी गाड्यांत सत्तर टक्क्यांहून जास्त विजेच्या होत्या. डोंगरातल्या वाटांवर आता विजेच्या मायक्रोबस धावतात. उन्हाळ्याच्या तोंडावर नद्या आटल्या की नेपाळला अजूनही भारताकडून वीज घ्यावी लागते, हा भाग आहेच.

इथिओपियाने त्याहून धाडसी पाऊल टाकलं. २०२४ च्या सुरुवातीला पेट्रोल-डिझेलच्या खासगी मोटारींची आयातच बंद केली. इंधनासाठी परकीय चलन उरत नव्हतं आणि नाईल नदीवरचं ग्रँड रेनेसान्स धरण पूर्ण होत आलं होतं. ५,१५० मेगावॅटच्या त्या प्रकल्पाचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. पण त्याच देशात निम्म्याच्या आसपास लोकांच्या घरात अजून वीज नाही. अदिस अबाबात विजेची मोटार आणि खेड्यात रॉकेलचा दिवा, असं चित्र फार काळ राहू नये असं मनापासून वाटतं.

धरणावर सगळी भिस्त ठेवण्याचा धोका इक्वेडोरने दाखवला. तिथल्या सरकारने २०१४ मध्ये तीस लाख घरांत इंडक्शन शेगड्या पोचवायचं ठरवलं. लाखो घरांनी घेतल्या, ठरलेला आकडा मात्र फार लांब राहिला. २०२४ मध्ये दुष्काळ पडला आणि काही भागांत दिवसाला चौदा तासांपर्यंत वीज गेली. त्या दिवसांत गॅसचा सिलेंडर जपून ठेवलेल्या बाईला कोण चूक म्हणेल?

हीट पंप म्हणजे काय? युरोपात त्यावरून एवढं राजकारण का झालं?

हीट पंप म्हणजे उलटा फिरवलेला एसी. एसी घरातली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून घरात आणतो. एक युनिट वीज घालून तीन युनिटांएवढी ऊब मिळते, कारण ऊब तयार करायची नसते, फक्त हलवायची असते.

कडाक्याच्या थंडीत हा चालतो का, असं विचारलं जातं. फिनलंड, स्वीडन, नॉर्वे हे युरोपातले सर्वांत थंड देश आणि तिथेच शंभर घरांमागे चाळीसहून जास्त हीट पंप आहेत. फिनलंडने १९९० मध्ये आणि स्वीडनने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला. तेलावर घर तापवणं हळूहळू महाग होत गेलं आणि लोकांनी गडबड न करता, जुना बॉयलर बिघडला की नवा हीट पंप, असं करत तीस वर्षांत बदल केला.

जर्मनीने उशीर केला आणि मग घाई केली. रशियाचा गॅस आटल्यावर २०२३ मध्ये सरकारने कायदा आणला : नव्या हीटिंग यंत्रणेत ६५ टक्के ऊर्जा नवीकरणीय हवी. घरमालक हादरले. वर्तमानपत्रांनी ‘तुमच्या तळघरात सरकार घुसतंय’ असा सूर लावला आणि आघाडी सरकारात भांडणं झाली. कायदा सौम्य होऊन २०२४ पासून लागू झाला, पण त्या वर्षी हीट पंपांची विक्री आधीच्या वर्षाच्या जवळपास निम्म्यावर आली. लोकांच्या हट्टीपणाला यात मी दोष देत नाही. जर्मनीत विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या जवळपास तिप्पट महाग आहे. तिप्पट कार्यक्षम यंत्र आणि तिप्पट महाग वीज, म्हणजे बिलात बचत शून्य. मग कोण घेईल?

पाकिस्तानात सौर पॅनलांची लाट आली म्हणतात, ते खरं आहे?

खरं आहे, आणि ती सरकारने आणलेली नाही. विजेचे दर भडकले, लाईटचा भरवसा नव्हता आणि चिनी पॅनल मातीमोल झाले. २०२४ या एका वर्षात चीनमधून सुमारे १७ गिगावॅटचे पॅनल देशात आले. लाहोरच्या बंगल्यांपासून पंजाबातल्या ट्यूबवेलपर्यंत लोकांनी स्वतःच बसवून घेतले.

आनंदाची गोष्ट आहे, पण तिला दुसरी बाजू आहे. ज्यांना ऐपत होती ते ग्रिडमधून जवळपास बाहेर पडले. वीज केंद्रांची कर्जं आणि करारातली देणी तशीच राहिली आणि ती भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या, छप्पर नसलेल्या माणसाच्या बिलावर आली. त्यामुळे विजेचा दर आणखी चढला आणि आणखी लोक बाहेर पडले. आपल्याकडे सोसायट्यांच्या गच्चीवर पॅनल चढताना बघून मला बरं वाटतं आणि त्याच वेळी चाळीतल्या मीटरची काळजीही वाटते.

रात्री ऊन नसतं. मग?

बॅटरी, धरणात राखून ठेवलेलं पाणी आणि सवय. ऑस्ट्रेलियात चाळीस लाखांहून जास्त घरांच्या छपरावर पॅनल आहेत. दुपारी वीज इतकी होते की भाव शून्याखाली जातो. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये वादळाने साउथ ऑस्ट्रेलिया हे अख्खं राज्य अंधारात गेलं. पुढच्याच वर्षी तिथे हॉर्न्सडेलला १०० मेगावॅटची बॅटरी उभी राहिली, तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी होती. आता तिच्या कितीतरी पट मोठ्या बॅटऱ्या कॅलिफोर्निया आणि चीनमध्ये आहेत, कारण २०१० पासून बॅटरीची किंमत नव्वद टक्क्यांच्या आसपास उतरली. सवयीचा भाग म्हणजे पाणी तापवणं, गाडी चार्ज करणं, पंप चालवणं ही कामं दुपारी करायची.

ग्रिडला हे सगळं झेपेल?

जिथे तार आधी मजबूत केली तिथे झेपतं. नेदरलँड्ससारख्या पुढारलेल्या देशात आज हजारो उद्योग जोडणीच्या प्रतीक्षायादीत आहेत. कारखानदार गॅसची भट्टी काढून विजेची लावायला तयार आहे, पण त्याला वीज द्यायला तारेत जागा नाही. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल एकदम अंधारात गेले, तेव्हा वीज कमी नव्हती, वाढत गेलेलं व्होल्टेज आवरता आलं नाही. पॅनल आणि पवनचक्क्यांची छायाचित्रं छापून येतात. उपकेंद्राचं उद्घाटन करायला कुणी उत्साहाने जात नाही. जायला हवं.

कारखान्यांचं काय? पोलाद विजेवर बनतं?

भंगारापासून बनतं, आणि त्यासाठी स्वीडनला जायची गरज नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत इंडक्शन भट्ट्यांत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया बनतात, तेही विजेवरच. तिथल्या उद्योजकाला दिवसभरात कुठल्याही विषयावर बोलतं करा, गाडी शेवटी वीजदरावर येते.

खनिजापासून पोलाद करणं अवघड, कारण तिथे कोळसा उष्णतेसोबत रासायनिक कामही करतो. स्वीडनमध्ये हायब्रिट प्रकल्पात कोळशाऐवजी विजेपासून बनवलेला हायड्रोजन वापरला आणि २०२१ मध्ये असं पोलाद व्होल्वोला दिलं. प्रयोग सिद्ध झाला आहे, किंमत अजून आवाक्यात आलेली नाही. सिमेंटला तर याहून वेळ लागेल.

अमेरिका?

धोरण दर निवडणुकीला वळतं. २०२२ च्या कायद्याने मोठी सवलत दिली, २०२५ च्या कायद्याने विजेच्या गाडीवरची साडेसात हजार डॉलरची करसवलत सप्टेंबरअखेर संपवली. कारखाना वीस वर्षांचा विचार करून उभा राहतो. त्याला असल्या हेलकाव्यांचा फार त्रास होतो.

भारत कुठे आहे?

एका बाबतीत आपण बहुतेक श्रीमंत देशांच्या पुढे आहोत : रेल्वे. ब्रॉडगेज मार्गांचं विद्युतीकरण २०२५ पर्यंत ९९ टक्क्यांच्या आसपास पोचलं. ही गोष्ट सुरू झाली मुंबईत. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला हार्बर मार्गाने देशातली पहिली विजेची गाडी गेली. त्याच्याही आधी, १९१५ मध्ये, खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली होती. लोणावळ्याच्या तळ्यांतलं पावसाचं पाणी घाटाखाली सोडायचं आणि त्यावर परळ-लालबागचे माग चालवायचे. कोळशाकडून स्वच्छ विजेकडे जाणं महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे.

आज तीनचाकींत आपण जगात सर्वांत मोठी विजेची बाजारपेठ आहोत. २०२४ मध्ये नव्या तीनचाकींतल्या निम्म्याहून जास्त विजेच्या होत्या. मोटारींत तो वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता. एसटीची पहिली विजेची बस ‘शिवाई’ १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली, १९४८ मध्ये एसटीची पहिली बस गेली त्याच मार्गावर. २०२५ मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायूव्यतिरिक्त स्रोतांचा झाला. प्रत्यक्ष निर्मितीत कोळसा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. बातमीत ‘क्षमता’ आणि ‘निर्मिती’ यांची गल्लत होते, ती वाचताना लक्षात ठेवा.

शेतीपंपांचं काय?

याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण हे मी घरात बघितलं आहे.

परभणी जिल्ह्यातल्या आमच्या शेतात थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री यायची. रात्रपाळीच्या आठवड्यात वडील बारा-एकला उठायचे. एका हातात बॅटरी, एका हातात काठी, डोक्याला मफलर. हरभऱ्याला पाणी द्यायचं म्हणजे गुडघाभर थंड चिखलात उभं राहून बारे फोडायचे. साप दोनदा पायाजवळून गेला. आई ते परत येईपर्यंत झोपत नसे.

ज्यांना उठायचं नसे ते स्टार्टरला ऑटोस्विच लावत. लाईट आली की पंप आपोआप सुरू. सोय चांगली, पण एका डीपीवरचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचे, सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की डीपी जळायचा. मग वर्गणी, ट्रॅक्टरमधून डीपी नेणं, नवा येईपर्यंत आठ-दहा दिवस पीक उन्हात. गहू करपलेला मी बघितला आहे. तेव्हापासून कुठल्याही देशाचं धोरण वाचलं की माझी नजर आधी डीपीकडे जाते.

म्हणून महाराष्ट्रातली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना मला महत्त्वाची वाटते. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिनीला, दिवसा वीज द्यायची. जमीन भाड्याने देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात धोंदलगावला सुरू झाला, तीन मेगावॅटचा. एकूण लक्ष्य १६ हजार मेगावॅट. वीज जिथे लागते तिथेच बनते, लांबच्या तारेवरचा ताण आणि गळती कमी होते, आणि माणूस दिवसा पाणी देऊन रात्री झोपतो.

भीती एकच आहे : पाणी. दिवसा फुकट ऊन आणि बोअरला पंप, मग उपसा थांबवणार कोण? पाकिस्तानच्या पंजाबात हीच काळजी आहे. मराठवाड्यात भूजल आधीच खोल गेलं आहे. सौर पंपाबरोबर ठिबक आणि पीकपद्धतीचा विचार झाला नाही, तर वीज स्वच्छ होईल आणि विहीर कोरडी.

स्वच्छ विजेची किंमत कुणाला मोजावी लागते?

जिथे धरण, पवनचक्की किंवा खाण येते तिथल्या माणसाला. महाराष्ट्राने हे जगाच्या आधी बघितलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह उभारला, तो मुंबईला स्वच्छ वीज देणाऱ्या धरणाविरुद्धच होता. मावळातल्या शेतकऱ्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली आणि दिवे मुंबईत लागले. नॉर्वेत फोसेन इथल्या पवनचक्क्यांनी सामी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांच्या रेनडिअर चारण्याच्या हक्कावर गदा आणली, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. निकालानंतरही चक्क्या फिरत राहिल्या आणि तरुण सामी मुलं ओस्लोत मंत्रालयासमोर जाऊन बसली. जगातलं बहुतांश कोबाल्ट काँगोतून येतं आणि तिथल्या खाणींत लहान मुलांनी काम केल्याच्या नोंदी आहेत. इथिओपियाच्या धरणामुळे नाईलच्या पाण्यावरून इजिप्तशी चाललेला तंटा मिटलेला नाही. विद्युतीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, हे आधी सांगायला हवं.

कोळशावर पोट असलेल्यांचं काय होणार?

ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपलं शेवटचं कोळशाचं वीज केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोअर, बंद केलं. २०१२ मध्ये तिथे चाळीस टक्क्यांच्या आसपास वीज कोळशाची होती. बंद होण्याची तारीख कामगारांना कित्येक वर्षं आधी ठाऊक होती आणि युनियनशी बोलून आखणी झाली. दक्षिण आफ्रिकेत २०२२ मध्ये कोमाती केंद्र बंद झालं, तेव्हा श्रीमंत देशांनी साडेआठ अब्ज डॉलरचा शब्द दिलेला होता, पण त्यातला मोठा भाग कर्जाचा होता. केंद्राभोवतीच्या वस्तीत हाताला काम उरलं नाही. आपल्याकडे चंद्रपूरचं २,९२० मेगावॅटचं केंद्र उद्या बंद होणार नाही. पण तिथल्या आयटीआयमध्ये आज शिकणारा मुलगा निवृत्त होईपर्यंत ते चालेल असंही नाही. त्याला हे आत्ताच कुणीतरी सांगायला हवं आणि सौर किंवा बॅटरीचं काम शिकवायला हवं.

घरात सुरुवात करायची तर आधी काय बघू?

बिलावरचा ‘मंजूर भार’. जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॅट असतो. इंडक्शन दोन किलोवॅट घेते, गिझर दोन-तीन, स्कूटरचा चार्जर एकापेक्षा कमी. दोन गोष्टी एकत्र लावल्या की फ्यूज उडतो. भार वाढवून घ्या, अर्थिंग तपासा, जुनी बारीक वायर बदलून घ्या. त्यानंतर गच्चीवरचे पॅनल. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे.

इंडक्शनवर भाकरी होते का?

भाजते, फुगत नाही. भाकरीचा पापुद्रा सुटायला तिला शेवटी उघड्या विस्तवाचा झटका लागतो आणि इंडक्शनला ज्वाळाच नाही. तव्यावरच फडक्याने कडा दाबून काहीजणी फुगवतात, बाजरीची बऱ्यापैकी जमते, ज्वारीची पातळ भाकरी रुसते. आमच्या आईने यावर स्वतःचा मार्ग काढला आहे. वरण, भात, भाजी, चहा, दूध सगळं इंडक्शनवर आणि शेजारी गॅसची एकच शेगडी फक्त भाकरीपुरती. पूर्वी सव्वा महिना जाणारा सिलेंडर आता चार महिने पुरतो.